वहिनींचा कान आणि सासूबाईंचा राजा

आमच्या शेजारच्या वहिनी बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघतात, पण ऐकतात त्याचे पाय. कुणी फाटकातून आत आलं की पाठमोऱ्या उभ्या राहूनच म्हणतात, "भावजी, नवीन चपला का? उजवी चावतेय." ती चावतच असते. मी दर वेळी कबूल करत नाही, तो भाग वेगळा.

ही विद्या माहेरची. वडिलांचं बुटांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला बूट घालून चार पावलं चालायला लावायचे आणि स्वतः डोळे मिटून बसायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "छान बसतोय." वडील म्हणायचे, "नाही बसत." कोपऱ्यात खोक्यांच्या चळतीवर बसलेली मुलगी हे ऐकत मोठी झाली. ती पुढे बोकड निवडण्यात नाव काढेल, असं त्या दुकानातल्या एकाही बुटाला वाटलं नसेल.

लग्न होऊन वहिनी आमच्या शेजारी आल्या तेव्हा त्यांच्या यजमानांच्या, म्हणजे आमच्या भाऊंच्या, वाटणीचा निकाल लागला होता. सपाट जमीन थोरल्या भावांनी घेतली आणि यांच्या पदरात घरामागचा खडकाळ माळ पडला. भाऊ शाळेची बस चालवतात. दिवसभर पोरांचा कालवा कानांवर पडल्यामुळे घरी आल्यावर त्यांना बोलायचं नसतं, आणि वहिनींना बोलायचं असतं, त्यामुळे संसार उत्तम चालला आहे. माळाचं काय करायचं ते भाऊंना सुचेना. वहिनी एकदा वरपर्यंत चढून गेल्या, काटेरी झुडपं बघून आल्या आणि म्हणाल्या, "इथे शेळ्याच."

पहिल्या खेपेला त्यांनी गोठ्यात वाढलेल्या गुबगुबीत, पांढऱ्याशुभ्र शेळ्या आणल्या. माळावर सोडलं तर त्या परत फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या, हॉटेलात वेटरची वाट बघावी तशा. वर जायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. ऊन लागलं की आजारी, गारठा पडला की आजारी, आणि पिलं झाली की घाबरून पिलांकडे बघत राहायच्या, ही कुणाची म्हणून. मी भिंतीवरून विचारायचो, "वहिनी, आज कुणाचा ताप?" वहिनी हसायच्या नाहीत. त्यांनी तो सगळा कळप विकला आणि काटक जातीच्या, अंगाने आटोपशीर शेळ्या आणल्या. बरोबर नियमही आणले.

नियम असे. शेळीनं आपलं आपण व्यायचं आणि पिलं आपली आपण पाजायची. अडली तर वहिनी धावतात, रात्र असो की पाऊस, पण मग ती शेळी त्यांच्या कळपात राहत नाही. खुराक नाही. जे माळ देईल ते खायचं. डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. आत लालबुंद असेल तर तब्येत ठणठणीत, फिकी पडली तर पोटात जंत. आणि खूर तासायचे नाहीत. दिवसभर खडकावर चढ-उतार करणाऱ्या जनावराचे खूर आपोआप झिजतात. ज्याचे वाढले, तो चालत नाही. शेवटचा नियम नावांचा. ज्याला विकायचं त्याला नाव द्यायचं नाही. कळपातल्या कुणालाच त्यांनी नाव दिलं नाही, म्हणून मी द्यायला गेलो. माझ्या सदऱ्याची बाही खाणारीला मी 'थोरली जाऊ' म्हणायचो. वहिनींनी मला फाटकाबाहेर काढलं.

हे सगळं चाललं होतं, पण माल जायचा कसायाकडे, वजनावर. वहिनींच्या डोक्यात दुसरंच होतं. "माझा बोकड दुसऱ्याच्या कळपात जायला हवा," त्या म्हणायच्या. "मटणाला चांगला आहे हे कुणीही सांगेल. त्याची पोरं माळावर टिकतात असं कुणीतरी म्हणायला हवं." मी म्हणायचो, "वहिनी, तुम्ही शेळ्यांचं वधूवर सूचक मंडळ काढा." त्या म्हणायच्या, "काढते. तुमच्यासारखं स्थळ मात्र घेणार नाही."

आणि गेल्या हंगामात ती वेळ आली. डोंगरापलीकडे मोठा कळप बाळगणारे एक दाढीवाले गृहस्थ आहेत. त्यांनी भाऊंच्या हाती निरोप धाडला की पैदाशीसाठी बोकड हवा आहे, येतो बघायला. दाढीवाल्यांनी बोकड नेला आणि तो चालला, तर त्या बाजूचे सगळे कळपवाले वहिनींच्या फाटकाशी येणार. आणि नाही चालला, तर तीच बातमी त्याच वाटेने, जरा जास्त वेगाने. वहिनींना हे माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं. मला तर होतंच.

आता सासूबाईंकडे वळायला हवं, कारण खरी गंमत तिथेच होती. भाऊंची आई म्हणजे लोण्याचा गोळा. एका शेळीला तीन पिलं झाली आणि दूध पुरलं दोघांना. तिसरं, तांबडं, सासूबाईंनी चुलीशेजारी टोपलीत ठेवून बाटलीवर वाढवलं. वहिनींनी एवढी सूट दिली. पण बजावलं, "आई, बाटली सुटली की तुमचा हात सुटला. त्यानंतर तो इतरांसारखाच. टिकला तर कळपाचा, नाही तर कसायाचा." सासूबाईंनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

तांबडा माळावर गेला आणि बघता बघता सगळ्यांच्या वर निघाला. बरोबरीचे बोकड अजून सुकडे, हा मात्र पैलवान. रुंद छाती, चकचकीत पाठ. वहिनी त्याची पापणी ओढून बघायच्या, आत लालबुंद. वजनाला टांगायच्या, काटा खाली. त्याही खूष. "बाटलीवरचं पोर, पण रक्त आईचं," म्हणायच्या. दाढीवाल्यांना हाच द्यायचा, हे न बोलता ठरून गेलं.

त्याच दिवसांत मला भिंतीपलीकडून एक विचित्र आवाज यायला लागला. भरदुपारी, भाऊ बसवर, वहिनी माळाच्या पलीकडच्या उतारावर शेळ्यांची तात्पुरती कुंपणं हलवायला गेलेल्या, घरात सासूबाई एकट्या. आणि मागच्या खोलीच्या खिडकीशी त्या कुणाशी तरी लाडीगोडीने बोलायच्या. "आलास का राजा? किती वाट बघायला लावतोस. खा, खा. कुणाला सांगायचं नाही हं." मी बायकोला म्हटलं, "वहिनींच्या सासूबाईंचं कुणाशी तरी गूळपीठ जमलंय."

बायको म्हणाली, "त्यांच्या वयाचा तरी विचार करा."

"मी करतोय. तो करत नसावा."

ही बातमी मी फारशी कुणाला सांगितली नाही. न्हाव्याला सांगितली, तेवढीच.

दाढीवाले आले तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. पिकअप फाटकाबाहेर लावून ते अंगणात खुर्चीवर बसले. भाऊंनी रजा काढली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू त्यांनाच बघायला पाहुणे आलेत. मी मध्यस्थ म्हणून हजर. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण अशा वेळी शेजाऱ्याने मागे राहणं बरं दिसत नाही.

वहिनींनी तरुण बोकड माळावरून खाली आणवले. भाऊ एकेकाला अंगणाच्या सिमेंटवरून फिरवत होते आणि वहिनी आमच्याकडे पाठ करून ओट्यावर चहा गाळत होत्या. एक बोकड गेला, टक टक टक टक. दुसरा गेला, कान तारेत अडकून फाटलेला, दिसायला अगदीच किरकोळ. टक टक टक टक. मग तांबडा आला. दाढीवाले खुर्चीतून अर्धे उठले. "वा. हाच."

वहिनींचा हात मात्र थांबला. गाळणी तशीच धरून त्या म्हणाल्या, "अहो, त्याला परत फिरवा."

भाऊंनी फिरवला. फट टक, फट टक. मलाही ऐकू आलं, पण मी कशाला बोलतोय.

"सैल चपलेसारखा वाजतोय," वहिनी म्हणाल्या. चहा ठेवून त्या आल्या, तांबड्याचा पाय गुडघ्यात धरून उचलला आणि खूर उलटा केला. कडा वाढून आत वळलेल्या, पुढचं टोक जुन्या बुटासारखं वर आलेलं. माळावर उभ्या गवतात दिसत नव्हतं ते हातात आलं. त्यांनी फाटक्या कानाच्या बोकडाचा खूर उचलला. तो सपाट, घट्ट, सहाणेवर घासल्यासारखा.

"हा चाललेलाच नाही," वहिनी हळूच म्हणाल्या. "मग वाढला कशावर?"

भाऊंचा हात जरा ढिला पडला असावा. तांबडा सुटला आणि कुणाकडे न बघता घराला वळसा घालून थेट मागच्या खोलीच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिला. आम्ही सगळे त्याच्या मागे. त्याने मान वर करून हाक दिली, हक्काची. आतून मक्याच्या भरड्याचा डबा वाजला आणि सासूबाईंचा आवाज आला, "आले रे राजा, आले. जरा दम धर. आज घरात गर्दी आहे."

मग खिडकीतून मूठ बाहेर आली. मुठीमागून सासूबाई आल्या. सासूबाईंनी आम्हा सगळ्यांना पाहिलं, आणि मूठ तशीच हवेत राहिली. तांबड्याने तेवढ्यात ती चाटून रिकामी केली.

आधी हसले ते दाढीवाले. मग म्हणाले, "ताई, भरडा खाल्ला तर खाल्ला. अंग तर आहे ना? मी ठरलेल्या भावाने नेतो."

भाऊ वहिनींच्या कानाशी लागले. "अगं, माणूस स्वतः तोंडाने मागतोय. देऊन टाक ना."

"आणि पुढच्या उन्हाळ्यात यांच्या डोंगरावर भरडा कोण घालणार?" वहिनी दाढीवाल्यांकडे वळल्या. "की आईंना सोबत पाठवू?"

"त्यांचं खाणं किती आहे?" दाढीवाल्यांनी गंभीरपणे विचारलं. सासूबाईंनी खिडकी लावून घेतली.

"हा बोकड मी पैदाशीला देणार नाही," वहिनी म्हणाल्या. "दिला तर त्याची पोरंही तुमच्या खिडकीखाली येऊन उभी राहतील. तुम्हाला अंग बघायचं असेल तर बाजारात चिकार आहे. माझ्याकडचं बघायचं असेल तर वर चला."

असं म्हणून त्यांनी बाकीचे बोकड मोकळे सोडले. ते धडाधड माळावर चढले. मागून वहिनी, मागून दाढीवाले, मागून भाऊ. मी अर्ध्या वाटेपर्यंत गेलो आणि पुढचं तिथूनच नीट दिसतं असं माझ्या लक्षात आलं. फाटक्या कानाचा सगळ्यात वरच्या खडकावर पोचला होता. मागच्या दोन पायांवर उभा राहून तो काटेरी झुडपाचा शेंडा ओरबाडत होता, खाली एवढी माणसं धापा टाकतायत याची त्याला दखलसुद्धा नव्हती. दाढीवाले बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिले. थोडा वेळ दम खायला, थोडा वेळ खरंच बघायला.

"दिसायला काहीच नाही हो," ते म्हणाले.

"माझे यजमानही नव्हते," वहिनी म्हणाल्या. "टिकलेत."

भाऊ शर्टाची बाही नीट करत राहिले. फाटक्या कानाचा त्या संध्याकाळी पिकअपमध्ये बसून डोंगरापलीकडे गेला.

राहता राहिला तांबडा. सोमवारी कसाई येणार होता आणि नियम सगळ्यांना पाठ होता. सासूबाई स्वतःच बाहेर आल्या, पदराने हात पुसत. "तुझं बरोबर आहे, पोरी," म्हणाल्या. "मला वाटलं, जरा बाळसं धरलं तर तू त्याला पैदाशीला ठेवशील. कसायाच्या गाडीत चढवणार नाहीस."

"तुम्ही माझं नाव घालवलं असतं, आई."

"हो."

एवढंच. सासूबाई आत गेल्या आणि जेवायला आल्या नाहीत. हे मला भिंतीवरून दिसलं. मी कान देऊन ऐकत होतो असं नाही.

वहिनी सोमवारी सकाळी उठल्या आणि कसायाच्या गाडीत नियमात न बसलेले बाकीचे बोकड चढवले. तांबडा खाली राहिला. कळपासाठी वहिनींनी ठेवून घेतलेला बोकड शेळ्यांपासून वेगळा एकटा बांधला की कुंपणं मोडतो, रात्रभर ओरडतो. त्याला सोबत लागते. डॉक्टरला बोलावून त्यांनी तांबड्याला खच्ची करून घेतलं आणि त्या नोकरीवर लावला. पगारात फक्त माळाचा पाला.

"पण एक आहे, आई," त्या म्हणाल्या. "तो तुमच्याशिवाय कुणाच्या मागे जात नाही. खूर झिजेपर्यंत रोज त्याला माळावर चालवायचं. तुम्ही."

"अगं, माझे गुडघे."

"गुडघ्यांना काय झालंय? चुलीपासून खिडकीपर्यंत पळत होतात की."

तेव्हापासून भरदुपारी भिंतीपलीकडून लाडीगोडी बंद झाली. आता चढावरून ओरडा येतो. "चल मेल्या, तुझ्यापायी मी झिजतेय." तो मागे मागे जातो. दाढीवाल्यांनी पुन्हा निरोप पाठवलाय, या वेळी दोन हवे आहेत, आणि त्यांचा एक मेहुणाही येणार आहे. न्हाव्याला मी सासूबाईंच्या प्रकरणाचा खुलासा केला. त्याला आधीचीच गोष्ट बरी वाटली.

परवा वहिनींनी माहेरच्या दुकानातून सासूबाईंसाठी मजबूत तळाचे बूट मागवले. सासूबाई ते घालून अंगणात फिरत होत्या. वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या, चहा गाळत.

"छान बसतायत," सासूबाई म्हणाल्या.

"नाही बसत," वहिनी म्हणाल्या. "डावा ढिला आहे. टोकाला कापूस घाला आणि परत चालून दाखवा."

सासूबाईंनी कापूस घातला आणि परत चालल्या. मागून तांबडाही चालला. टक टक टक टक. वहिनींनी चहा ओतला.