आत्याच्या चिमणीवर माझा संशय

हे कुणापाशी बोलायचं नाही, अशी आत्यानं मला ताकीद दिलीय. पण तुम्ही काही मंगळवेढ्याचे नाही, म्हणून सांगते.

इंटरनेटवर फोटोंचा एक खुला संग्रह आहे. कुणीही आपले फोटो तिथं ठेवावेत, कुणीही वापरावेत. फक्त दुसऱ्याचा फोटो उचलून आणायचा नाही. मराठी नवख्यांचे फोटो तपासायचं काम आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनी माझ्याकडे दिलंय. वर्गात हजेरी देताना माझा आवाज पुढच्या बाकापर्यंतही पोचत नाही. पण तिथं माझं नाव ‘चौकस’! तिथं मी कलेक्टर कचेरीसारखं मराठी लिहिते.

एकदा ‘रानपाखरू’ नावाच्या नवख्यानं ज्वारीच्या कणसावरची चिमणी टाकली. चोचीत दाणा, पंखावर दव. अहो, नवख्यांचे फोटो कसे असतात? सगळं तिरकं आणि कोपऱ्यात अंगठा! हा इतका सुंदर, म्हणजे चोरलेलाच. मी ठणकावलं, ‘सदर छायाचित्र आपणच काढल्याचा पुरावा द्यावा. अन्यथा ते हटवण्यात येईल.’

दोनच दिवसांत मंगळवेढ्याहून एसटीनं आत्या आमच्याकडे सोलापूरला आली. चहा नको म्हणाली. आत्या आणि चहा नको? मी घाबरलेच.

“तुला ह्यातलं कळतंय की,” तिनं मोबाइल पुढं केला. “ह्या मुडद्यानं मला चोर म्हणलंय बघ.”

माझंच वाक्य! ‘सदर’सकट!

“कोण हाय गं हा चौकस?”

“असेल कुणी... म्हातारा.”

“रिटायर झालेला दिसतोय. घरात बायकू बोलत नसंल. लिही त्याला, थंडीत बांधावर बसून माझं पाय बधिर झालं, तवा तू गोधडीत घोरत हुतास!”

मी लिहिलं, ‘सदर प्रसंगी मी स्वतः उपस्थित होते.’

“घोरायचं कुटंय?”

पुरावा तिच्या मोबाइलमध्येच होता. नुसतं कणीस, नुसती शेपटी, आत्याचा पाय, पुन्हा शेपटी, आणि शेवटी ती चिमणी. बघताना मला रडूच आलं. ते सगळे फोटो पाठवून मी न्हाणीघरात पळाले आणि माझ्या मोबाइलवरून चौकस झाले. ‘खुलासा समाधानकारक आहे.’

बाहेर टिंग वाजलं. “लगीच आलं की उत्तर! भ्याला मुडदा! पर माफी कुटं मागतोय? ये गं, लिही!”

मी बाहेर येऊन ‘माफी मागावी’ असं आत्याच्या वतीनं लिहिलं, आत जाऊन चौकस म्हणून माफी मागितली. आत्याला ती कोरडी वाटली. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. आई स्वयंपाकघरातून ओरडली, “पोट बिघडलंय का गं? ओवा देऊ?”

तेवढ्यात सरांचा फोन. “अगं, चौकस आणि रानपाखरू एकच माणूस आहे, अशी तक्रार आलीय. दोघंही ‘सदर’ लिहितात! खोटं खातं असेल तर बंद होईल, फोटोही जाईल.”

आत्याची चिमणी जाणार? माझ्या तोंडून इतका मोठा आवाज निघाला, की आई ओवा घेऊन बाहेर आली. “नाही सर! रानपाखरू माझी आत्या आहे! तिची उत्तरं मी लिहिली. आणि तिला चोर म्हणणारी चौकसही मीच!”

आत्यानं फोन हातातून घेतला. “सर, आमी दोघी येगळ्या हाय. फोटू माझा हाय, आन् ही येडी भाची बी माझीच हाय.”

मग माझ्याकडं वळली. “लई चांगला आला म्हणून चोरीचा वाटला, व्हय? मग आधी चांगला म्हणायला काय झालं हुतं?”

आणि चहा मागितला! मला मात्र तो करतानाही हुंदके येत होते.

सरांनी तक्रार मिटवली, चिमणी तिथंच राहिली. तेव्हापासून मी नवख्यांना आधी ‘छान आलाय’ लिहिते आणि मग विचारते. आत्या सोलापूरला आली की मला फोटो काढायला शिकवते. आमच्या गॅलरीत कबुतरासारखे होले येतात, आणि माझ्या मोबाइलमध्ये त्यांच्या शेपट्या. माझ्या फोटोंवर चोरीचा संशय आजवर कुणी घेतला नाही. असले फोटो कोण चोरणार? पण खरं सांगू, आत्या त्या दिवशी रागावून निघून गेली असती, तर मी आज

“ए पोरी, लिवणं ठेव! होला हिकडं तोंड करून बसलाय, हळू ये!”

आले गं, एवढं वाक्य पुरं