अव्याने हेडफोन निवडले

अव्या आज सकाळी गेला. आवाज त्याचा आधीच गेला होता.

घशाचा कॅन्सर. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायची तारीख दिली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो, त्याआधी तुमची गाणी रेकॉर्ड करून ठेवा. मला ऐकायला."

बाकी काही मागितलं नाही त्यांनी.

मी म्हणालो, "फोनवर कर. आत्ता."

"फोनवर गाणं येत नाही, पुरावा येतो."
कोथरूडचा माणूस. घसा बसला तरी टोमणा चुकायचा नाही.

मग सुरू झालं सिलेक्शन.
माइक लॅपटॉपला जोडायचा डबा, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, कुठला? हेडफोन ओपन-बॅक की क्लोज्ड-बॅक? रिव्ह्यू बघायचे, मागवायचे, नापसंत करून परत पाठवायचे.

आवाज रोज थोडा थोडा जात होता आणि साहेब कम्पेअर करत होते.

शेवटी ॲडमिट व्हायच्या आदल्या दुपारी एकदाचं जमलं. बेडरूमचं दार लावून आत अव्या आणि माइक. लॅपटॉपच्या पंख्याची घरघर नको म्हणून तो लांब वायर टाकून बाहेर, डायनिंग टेबलवर.

घसा सोलून निघेपर्यंत गायला.
हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज झकास येत होता. बाहेर येऊन बघितलं, तर स्क्रीनवर आवाजाच्या रेघा उमटलेल्या. स्वारी खूश.

प्ले केलं ते ऑपरेशननंतर, हॉस्पिटलमध्ये.

कुकरच्या शिट्ट्या.
मग वहिनी, बहिणीशी फोनवर: "आत गातायत हे. दार उघडायचं नाही म्हणे."

इंटरफेस जोडला होता, पण सेटिंगमध्ये निवडायचा राहिला होता. हेडफोनला आवाज थेट इंटरफेसमधून मिळत होता. लॅपटॉप मात्र स्वतःच्याच माइकवर हॉलमधलं सगळं टिपत बसला होता.

गाढवाला स्वतःला शिवीसुद्धा घालता आली नाही. नुसतं तोंड उघडलं आणि मिटलं.

दुपारी स्मशानातून आल्यावर वहिनींनी विचारलं, "भावजी, तुमच्याकडे आहे का हो त्यांचं काही?"

आहे. एक व्हॉइस नोट. त्या सिलेक्शनच्या दिवसांतली. कर्वे रोडला स्कूटर कडेला लावून पाठवलेली. मागे हॉर्न, तरी शब्द न् शब्द स्वच्छ:

"अरे, घाई लावू नकोस. चुकीचे हेडफोन घेतले, तर जन्मभर पस्तावायची वेळ येते."

वहिनी मघापासून तेवढंच ऐकत बसल्या आहेत.
त्याने निवडलेल्या हेडफोनवर.

जा अव्या. श्रद्धांजली नंतर वाहीन, राग उतरला की.