जोडीतली डावी बरणी

लिलावघरात तिला सगळे मावशी म्हणत, मालकांपासून हमालांपर्यंत. विक्रीला आलेली जुनी चिनीमातीची भांडी धुऊन, पुसून टेबलावर मांडण्याजोगी करायची, एवढंच तिचं काम. नव्याने ओळख झालेली एखादी बाई विचारायची, "म्हणजे भांडी घासता?" तेव्हा मावशी सांगायची, "घासत नाही हो. घासली तर गेली. धुते."

त्या धुण्याला नियम होते. सिंकमध्ये धुवायचं नाही, प्लास्टिकच्या टबात धुवायचं, आणि टबाच्या तळाला टॉवेल दुमडून ठेवायचा. बांगड्या, अंगठी काढून खिडकीत. एका वेळी एकच वस्तू. कपाला कान असला तरी कानाला धरायचं नाही, पोटाखाली हात घालायचा. हातमोजे वापरायचे नाहीत, ते निसटतात. सोनेरी किनार असेल तर साबणाचं नावही काढायचं नाही. आणि पाणी कोमट, तान्ह्या बाळाच्या अंघोळीआधी कोपर बुडवून बघतात तितकंच. एकोणीस वर्षांत तिच्या हातून साधी बशी फुटली नव्हती. ही गोष्ट ती माणसांना सांगत फिरत नसे. देवाला मात्र रोज संध्याकाळी हात जोडून सांगे, की आजही हात तूच धरलेस.

या कामातून तिला न मागता एक मान मिळाला होता. विक्रीच्या आदल्या दिवशी गिऱ्हाइकांना वस्तू बघायला मोकळ्या असत. छापील यादीत प्रत्येक वस्तूपुढे तिची हालत लिहिलेली असे. पण जुनी, मुरलेली गिऱ्हाइकं यादी काखेत मारायची आणि मागच्या धुण्याच्या खोलीच्या दाराशी यायची. यादी लिहिणाऱ्याने वस्तू लांबून बघितलेली असते, मावशीने ती ओली हातात धरलेली असते, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी विचारायचं, "हातात घेतलीत?" वस्तू धड असली तर मावशी मान हलवायची. नसली तर म्हणायची, "बाकीची पण बघा की." बस. लिलावघराची बदनामी नाही, गिऱ्हाइकाची फसवणूक नाही.

अशा गिऱ्हाइकांत एक होते घड्याळजी. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला, म्हणून हे नाव पडलेलं. दर विक्रीला ते एखादी लहानशी वस्तू घेत, कधी कप, कधी मिठाची कुपी. दाराशी येऊन आधी तब्येतीची चौकशी, मग प्रश्न. मावशी म्हणायची, "काका, तुमच्या खिशात भिंग असतं, मग मला कशाला विचारता?" त्यावर ते म्हणायचे, "भिंगाला हात नसतात."

त्या हिवाळ्यात एक बरण्यांची जोडी आली. गुडघ्याइतक्या उंच, पांढऱ्या अंगावर निळी वेल, डोक्यावर घुमटासारखं झाकण. एका निवृत्त शिक्षिकेच्या वडिलांची. बाईंनी घर आवरायला काढलं होतं. त्यांच्याकडे त्या बरण्या कपाटाच्या दोन बाजूंना असत, म्हणून तळाला कागद चिकटवून त्यांनी मास्तरी अक्षरात लिहिलं होतं: एकीवर उजवी, दुसरीवर डावी.

धुवायच्या दिवशी सकाळी थंडी मी म्हणत होती. मावशीच्या बोटांचे सांधे सुजले होते, उजवी बरणी धुता धुता हात आखडून गेले. डावीच्या वेळी तिने गीझरचा नळ जरा जास्त सोडला. जास्त म्हणजे किती, तर बोटांना बरं वाटेपर्यंत. कोपर बुडवून बघितलं नाही. पाच मिनिटांचं सुख घेऊ या, असं मनात आलं आणि तिने बरणी पाण्यात सोडली.

खांद्यावरून हात फिरवताना वेलीचं एक पान तिच्या अंगठ्याला लागून आलं.

आधी तिला वाटलं, कसलातरी डाग असेल. मग दुसरं पान आलं, आणि त्याखाली एक करडी रेघ दिसली, खांद्यापासून पोटापर्यंत, वीतभर. गारठलेली बरणी कढत पाण्यात घातली आणि तडा गेला, दुसरं काय होणार. भट्टीतून निघालेला रंग असा अंगठ्याने निघत नसतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण भ्यालेल्या माणसाला ठाऊक असलेलंही आठवत नाही.

सांगायला जायला हवं होतं. पण दोनच आठवड्यांपूर्वी नवीन व्यवस्थापकांनी सगळ्यांना उभं करून ऐकवलं होतं, "यापुढे ज्याच्या हातून फुटेल, त्याने दुसरीकडे काम बघावं." आणि ते नुसतं बोलले नव्हते, पॅकिंगवाल्याला एका बशीपायी खरंच घरी बसवलं होतं. मावशीच्या घरी नवऱ्याचे गुडघे गेलेले, बस चालवणं कधीच सुटलेलं. तिने बरणी पुसली, फडताळावर ठेवली आणि रेघ भिंतीकडे फिरवली. मग खिडकीतल्या बांगड्या घातल्या. दुपारी व्यवस्थापकांनी समोरून फोटो काढला आणि यादीत लिहिलं: बरण्यांची जोडी, निर्दोष.

संध्याकाळी देवापुढे बसली, पण रोजचं वाक्य काही तोंडातून निघेना. लगेच उठली.

नवरा खुर्चीतून म्हणाला, "आज देवाला लवकर सोडलंस."

"डोकं दुखतंय."

"मग त्याचंही दुखत असेल. रोजचं ऐकून."

एरवी ती हसली असती. तिने कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांचं काही विचारायला नको.

बघण्याच्या दिवशी घड्याळजी आले ते नवा सदरा घालून. दाराशी उभे राहून म्हणाले, "मावशी, यंदा मोठी उडी मारतोय. ती बरण्यांची जोडी. आमची ही म्हणते, आयुष्यभर कुप्याच गोळा करणार का? भिंतीवरची दोन घड्याळं उतरवून जागासुद्धा केली." मग आवाज खाली आणून, "हातात घेतलीत?"

"घेतली."

"दोन्ही?"

"दोन्ही."

व्यवस्थापक चार पावलांवर कागद चाळत उभे होते. बाकीची पण बघा की, एवढे चार शब्द. मावशीने मान हलवली.

"झालं तर मग," घड्याळजी म्हणाले, आणि बरण्यांकडे वळूनही न बघता निघून गेले.

विक्रीच्या दिवशी ती धुण्याच्या खोलीचं दार किलकिलं करून उभी राहिली. बरण्यांचा नंबर दुपारी लागला. एका दुकानदाराने बोली चढवत नेली, घड्याळजी हात खाली घेईनात. दुकानदाराने शेवटी मान वळवली, हातोडी पडली. खोली थोडी कुजबुजली, कारण कुप्यावाल्या काकांनी एवढं मोठं काही घेतलेलं कुणी बघितलं नव्हतं. घड्याळजींनी मागे वळून दाराच्या फटीकडे बघितलं आणि मावशीला हात केला. तुमच्यामुळे, असा.

तिथे तिला राहवेना. देवा, आता तूच बघ, असं म्हणायचीही तिला लाज वाटली, कारण बघायचं तिनेच होतं. ओले हात पदराला पुसत ती सरळ पॅकिंगच्या टेबलाकडे गेली. घड्याळजी बरण्यांभोवती गोधडी गुंडाळत होते.

"काका, थांबा. डावी फिरवा."

"का हो?"

"फिरवा तर खरी."

त्यांनी फिरवली. जरा वेळ नुसत्या डोळ्यांनी बघितलं, मग खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. व्यवस्थापक लगबगीने आले. "काय चाललंय मावशी?"

"माझ्या हातून फुटली," ती म्हणाली. "पाणी गरम होतं. मी लपवली."

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. पण घड्याळजी भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "तुमच्या हातून नाही फुटली. हा सांधा आहे. जुना. आतला सरस बघा, पिवळा पडलाय. कुणीतरी कधीकाळी चिकटवून वरून रंगवलीय, आणि झकास रंगवलीय. गरम पाण्याने तो रंग सुटला, इतकंच." त्यांनी रेघेवरून नख फिरवलं. "आजचा तडा असा नसतो."

मावशीने टेबलाची कड धरली. म्हणजे फोडली नव्हती. सुटले म्हणावं, तर घड्याळजी तिच्याकडे बघत नव्हते.

तेवढ्यात शिक्षिकाबाई मागच्या रांगेतून उठून आल्या. "अशक्य. आमच्या घरात ही बरणी कधी फुटलेली नाही. मी लहानपणापासून बघतेय. ह्यांनीच काहीतरी केलंय."

"बाई, हा सांधा तुमच्याही लहानपणचा असेल," घड्याळजी म्हणाले.

"फुटली असती तर घरात कळलं नसतं?" बाई तावातावाने म्हणाल्या. "आईला कपाटाजवळ कुणी गेलेलं चालत नसे. ती स्वतः पुसायची, दुसऱ्या कुणाला हात..." एवढं बोलून त्या थांबल्या. त्यांनी रंगवलेल्या वेलीवर बोट टेकवलं. मग बरण्या परत न्यायला झाकणं काढून पिशवीत घातली.

सौदा मोडला. व्यवस्थापकांनी दोन्हीकडे माफी मागितली, आणि मावशीला बाजूला घेऊन म्हणाले, "सांधा जुना असला तरी रंग तुम्ही घालवलात ना?"

"हो साहेब."

"आणि आठवडाभर गप्प बसलात."

"हो."

घड्याळजी गोधडीची घडी घालत होते. मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तेच म्हणाले, अगदी शांतपणे, "फुटकी निघाली त्याचं काही नाही हो. माझ्या घरात निम्मं फुटकंच आहे. पण तुम्ही मान हलवलीत."

त्यांनी रागावून बोलायला हवं होतं. रागाला उत्तर देता येतं.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला, ही त्याच्यापरीने मोठीच गोष्ट. ऐकून म्हणाला, "एकोणीस वर्षांत एक फुटली समज. माझ्या बसला किती पोचे पडले, मोजलेत कधी?"

"फुटली नाही ना हो, तेच तर आहे. फुटली असती तर बरं झालं असतं."

"म्हणजे कसं?"

"फुटलेलं जोडता तरी येतं," असं म्हणायला ती गेली, पण ते तिला खरं वाटेना. जोडलेली बरणी आजच तर बघितली होती. "काही नाही," ती म्हणाली. "तुमचे गुडघे शेकून देते, बसा."

तिला कामावरून काढलं नाही. मालक म्हणाले, हिच्यासारखं धुणार कोण? व्यवस्थापकांनी एक कागद मात्र सुरू केला. धुतल्यावर वस्तूत काय आढळलं ते त्यावर लिहायचं आणि खाली सही करायची. मावशी इमानेइतबारे लिहू लागली. रंग सुटला. किनार उडालेली. तळाला टवका. पण दाराशी येणारी माणसं कमी झाली. गोष्ट कानोकानी पसरली होती. कुणी तोंडावर बोललं नाही, उलट सगळे जास्तच आपुलकीने "कशा आहात?" विचारू लागले, आणि पुढचा प्रश्न न विचारता निघून जाऊ लागले.

घड्याळजी पुढच्या दोन विक्रींना आलेच नाहीत. तिसरीला आले. मावशी दाराशीच होती. तिला बघून त्यांनी हात जोडले, ओळखीच्या कुणालाही जोडतात तसे. "बऱ्या आहात ना?"

"बरी आहे काका. काकू?"

"मजेत."

आणि ते टेबलाकडे वळले. त्यांनी एक लहानसा हिरवा कप उचलला, भिंग काढलं आणि फिरवून फिरवून बघू लागले. तो कप मावशीने परवाच धुतला होता. त्याचा कान एकदा तुटून बसवलेला होता. कागदावर तिने तसं लिहिलं होतं, पण तो कागद व्यवस्थापकांच्या खणातून यादीपर्यंत पोचला नव्हता. यादीत लिहिलं होतं, उत्तम.

मावशी जागची हलली. विचारल्याशिवाय ती गिऱ्हाइकाजवळ आजवर कधी गेली नव्हती. व्यवस्थापक पलीकडेच उभे होते, आणि त्यांनी तिला बघितलं, हेही तिला दिसलं. ती टेबलाशी जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, कानाच्या खालच्या बाजूला बघा. बसवलेला आहे."

"दिसलं मला," घड्याळजी म्हणाले. त्यांनी कप जपून खाली ठेवला, तिच्याकडे बघून मान लववली आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मावशी तिथेच उभी राहिली. शेजारी एक परकी बाई होती, पहिल्यांदाच आलेली असावी, यादी उलटी धरलेली. तिने हळूच विचारलं, "काय दिसलं हो त्यांना? मला तर काहीच दिसत नाही."

मावशीने कप पोटाखाली हात घालून उचलला, उजेडाकडे केला आणि करंगळीच्या नखाने तिला ती जागा दाखवली.