दुसऱ्या कुकरवाल्याचा नंबर

मित्रांनो, सकाळपासून फोन हातातून सोडला नव्हता. आत्ता कुठे नीट जेवलो.

बारावीनंतर सुटलेलं शिक्षण मी यंदा ऑनलाइन कॉलेजात जनसंपर्क शिकून पुन्हा धरलं आहे. या आठवड्याचा गृहपाठ होता: खऱ्या ग्राहकांना एक वाईट बातमी स्वतःहून कळवा.

वाईट बातमी घरातच होती. काकांचा शेतोशेती नेऊन भाड्याने हळद शिजवायचा मोठा कुकर काल बिघडला. दुरुस्तीला चार दिवस लागणार आणि शिरड शहापूरचे अकरा शेतकरी हळद काढून वाट बघत होते.

काका म्हणाले, "काहून सांगतो? उद्या येतो म्हनायचं. सांगितलं की सगळे पळतील."

मी हट्टाने संदेश लिहिला आणि नऊ वेळा वाचला. काय बिघडलं, कुणाची हळद कोणत्या दिवशी शिजेल, आणि ज्यांना थांबता येणार नाही त्यांच्यासाठी कळमनुरीच्या कुकरवाल्याचा नंबर.

"दुश्मनाचा नंबर देऊन राहिला का?" काका ओरडले, पण तोवर संदेश गेला होता.

तासभर कुणाचंच उत्तर नाही. सगळे ग्राहक माझ्यामुळे गेले, असंच वाटलं.

मग पहिला फोन आला, त्या अकरांपैकी बाबाराव मामांचा. मी स्पीकर लावला.

"पोरा, बरं केलं. न्हाईतर उद्या मजूर बसून राहिले असते. तुझा काका दरसाली 'निघालो' म्हनतो अन् घरीच चहा पिऊन राहतो!"

काकांनी हातातला कप हळूच खाली ठेवला.

संध्याकाळपर्यंत नऊ जण थांबायला तयार झाले, दोघे कळमनुरीला गेले. काका त्या दोघांवरून अजून फुगून आहेत. तुम्ही तो नंबर दिला असता का?