सुईताईनं शोधलेली आयत

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात तिला सगळे सुईताई म्हणत. छापील पानांच्या घड्या, म्हणजे फर्मे, शिवताना मध्येच हात मोकळा करायचा झाला, तर ती सुई टेबलावर ठेवत नसे; डोक्यावरच्या रुमालात, कानाच्या वर खोचून ठेवी. नवरा लवकर गेला. मुलगी तेवढी एक. फर्मे जुळवायचे, पाठीकडून शिवायचे, सरस लावून दाबयंत्राखाली सारायचे, यात सव्वीस वर्षं कशी गेली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मुलगी एकोणीस वर्षांची असताना एका सकाळी उघड्या डोक्यानं कॉलेजला निघाली.

"रुमाल राहिला तुझा," सुईताई म्हणाली.

"राहिला नाही, घेतला नाही. अम्मी, हे कुठं लिहिलंय?"

"कुराणात."

"कुराणात कुठं?"

लहानपणापासून सुईताई कुराण पढत आली होती, अरबी अक्षरं घडाघडा वाचायची, पण एका ओळीचा अर्थ विचाराल तर शपथ. मुलगी निघून गेली. त्या दिवशी कारखान्यात सुईताईनं दोन फर्मे उलटे शिवले आणि दुपारभर बसून उसवले.

संध्याकाळी ती औषधाच्या दुकानावरच्या खोलीत गेली. तिथं तिला लहानपणी कुराण पढायला शिकवणारी उस्तानी राहायची. आता चष्म्याची भिंगं जाड झाली होती, बोलणं मात्र होतं तसंच रोखठोक.

"आज कशी वाट चुकलीस?"

"डोकं झाकायचं कुराणात कुठं लिहिलंय, असं मुलीनं विचारलं. मला सांगता आलं नाही."

"तू तर कधी विचारलंसुद्धा नव्हतंस," असं म्हणत उस्तानीनं कुराणाचा चोविसावा अध्याय, म्हणजे सूरा, काढला आणि त्यातल्या तिसाव्या वचनावर, आयतीवर, बोट ठेवलं. "आधी ही."

अर्थ ऐकून सुईताई म्हणाली, "ही तर पुरुषांना आहे. नजर खाली ठेवा, पावित्र्य जपा."

"म्हणूनच आधी. आता एकतिसावी. बायकांनाही तेच सांगितलंय, आणि पुढं आहे की खिमार छातीवर ओढून घ्या. खिमार म्हणजे डोक्यावरचं वस्त्र. असं म्हणतात, की त्या काळच्या बायका ते घेत, पण टोकं पाठीमागं सोडत. गळा उघडा राही."

"म्हणजे केस झाका, असं सरळ लिहिलेलं नाही?"

"केस हा शब्द नाही. पण वस्त्र डोक्यावरचंच, म्हणून जुन्या विद्वानांनी केस झाकणं त्यात धरलंच. आजही बहुतेक जण तेच म्हणतात. थोडे वेगळा अर्थ लावतात. तेहतिसाव्या सूरेत अंगावर ओढायच्या चादरीचं आलंय. शिवाय एक हदीस आहे, पैगंबरांचं म्हणून सांगितलेलं वचन, चेहरा आणि हात सोडून बाकी झाका म्हणणारी. पण ज्यानं ती नोंदवली, त्यानंच लिहून ठेवलंय की सांगणाऱ्यांची साखळी मध्ये तुटलेली आहे."

"मग मुलीला काय सांगू?"

"आहे ते सांग. पदरचं घालू नकोस."

सुईताईनं तसंच सांगितलं. शेवटी म्हणाली, "मला विचारशील तर झाकायला हवं. पण मी तुझ्यावर जबरदस्ती करावी, असं मला त्यात कुठं दिसलं नाही." मुलीनं सगळं ऐकून घेतलं. डोकं उघडंच राहिलं.

महिन्याभरानं धाकटा भाऊ तावातावानं आला. "आपा, भाचीमुळं मान खाली घालायची वेळ आली. रस्त्यात लोक बघतात तिच्याकडं."

"लोक म्हणजे बायका?"

"बायका कशाला बघतील?"

"मग बघणाऱ्यांना तिसावी आयत वाचायला सांग. ती आम्हा बायकांच्या आयतीच्या आधी येते."

"तू कधीपासून मौलवी झालीस?"

"शिकतेय. चुकलं असेल तर काढून दाखव."

भाऊ आला तसा तावातावानं निघून गेला. चार महिने तो फिरकला नाही. मग येऊ लागला, पण या विषयाला त्यानं पुन्हा हात घातला नाही.

दर सुट्टीला सुईताई उस्तानीकडं जात राहिली. कारखान्यात कापून पडलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर शब्दांचे अर्थ लिहून आणी आणि शिवता शिवता पुटपुटे; पाठ झाल्या की पट्ट्या घरी टाकून देई. मुलगी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, लग्न झालं. ती फक्त नमाजच्या वेळी डोकं झाके. सुईताईला याचं वाईट वाटे. ते तिनं लपवलं नाही आणि उगाळलंही नाही.

साठी उलटल्यावरची गोष्ट. सुईताई गच्चीवर कपडे वाळत घालत होती, डोक्यावरच्या रुमालाखाली उन्हानं घामाघूम झाली होती. माहेरी आलेली मुलगी म्हणाली, "अम्मी, त्याच सूरेत साठावी आयत आहे. वय झालेल्या बायकांनी वरचं वस्त्र उतरवलं तरी दोष नाही."

सुईताईचा हात थांबला. "तू कधी वाचलंस?"

"केव्हाच. तू पट्ट्या टाकायचीस त्या मी गोळा करायची."

"मग पुढचंही वाचलं असशील. न उतरवलेलं जास्त चांगलं, असं आहे."

"वाचलंय," मुलगी म्हणाली आणि बादलीतली चादर उचलून एक टोक आईच्या हातात दिलं. दोघींनी ती पिळली.