चंदनबालाबाईंच्या मोटारी

सांगलीच्या आमच्या क्लबात चंदनबालाबाई मगदूम शनिवारी संध्याकाळी विजेवर धावणाऱ्या चिमुकल्या मोटारींची शर्यत भरवत. प्लायवूडला पाडलेल्या खाचांतून मोटारी पळत आणि वळणावर वेग आवरला नाही की बाहेर उडून पडत. क्लबाचे अध्यक्ष लालासाहेब यांना मात्र तो हॉल रमीसाठी हवा होता.

"वहिनी, ह्यो पोरखेळ घरी मांडा की."

"रमी घरी चालत नाही म्हणूनच तुम्ही इथं येता ना? वर्गणी मीही भरते."

चौऱ्याहत्तर सालच्या मोठ्या शर्यतीला लालासाहेबांनी क्लबाचा फ्यूजच काढून खिशात घातला. अंधारात मंडळी घरी निघाली. बाईंनी त्यांना थांबवलं आणि तासगावहून ट्रॅक्टरवर बसून शर्यतीला आलेल्या तवनाप्पांना म्हणाल्या, "ट्रॅक्टर खिडकीशी लावा."

"लावतो, पर अध्यक्ष लय बोलतील."

"बोलू देत."

ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या तारा खिडकीतून आत आल्या, दिव्यांचा झोत मार्गावर पडला आणि मोटारी सुटल्या. व्हरांड्यातले रमीवालेसुद्धा पत्ते दिसेनात म्हणून आत येऊन उभे राहिले. लालासाहेब तणतणत खिडकीपुढे आले.

"हॉल कुणाचा हाय?"

"ते नंतर ठरवू," बाई म्हणाल्या. "आधी बाजूला व्हा. तुमची सावली वळणावर पडतेय."