तोतारामची पंगत

तोताराम माझा धाकटा भाऊ. असोद्यात केळी कापायच्या टोळीत त्याच्यासारखा विळा चालवणारा नव्हता, आणि त्याच्यासारखा पिणाराही नव्हता. दारू सुटावी म्हणून आम्ही त्याच्या गळ्यात माळ घातली. हा बहाद्दर माळ काढून खुंटीला टांगायचा, पिऊन यायचा, चूळ भरून परत गळ्यात घालायचा. वर मलाच सांगायचा, "माळ बाटू दिली नाही, अक्का." असल्या माणसाला चपलेनं मारावं की ओवाळावं?

त्याची बायको बेबाबाई मार खायची आणि नवस बोलायची. पद्मालयाच्या गणपतीला बोलली होती, यांची दारू सुटली तर अख्ख्या गल्लीला वरण-बट्टीची पंगत घालीन. देवानं ऐकलं की नाही देव जाणे. माझं ऐकलं जळगावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं. तो म्हणाला, दर गुरुवारी संध्याकाळी एका शाळेच्या मागच्या खोलीत दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरते.

ती खोली शोधता शोधता आम्ही आधी भिशीच्या बायकांत जाऊन बसलो. त्यांनी हसत हसत मागची वाट दाखवली. दार उघडलं जहांगीरभाईंनी. गाद्या भरायचं त्यांचं काम, पांढरी दाढी, आवाज मऊ. म्हणाले, "इथं आडनाव नाही, गाव नाही. इथलं बोलणं इथंच राहतं." आमच्याकडे पाहुण्याला पाणी नंतर देतात, आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग मामाचं कूळ. तोतारामला ही गंमतच वाटली. येताना मला म्हणाला, "अक्का, तिथं मले कोणी वळखत नाही. म्हून खरं बोलता येतं."

आणि सुटली हो! वर्ष होत आलं तरी थेंब नाही. गुरुवार चुकवायचा नाही. गावात सांगायचा, दाताच्या डॉक्टरकडे चाललो. बेबाबाईच्या अंगावर मांस आलं.

मग तिला नवस आठवला. मी सांगितलं, "बाई, गुपचूप नारळ फोड आणि गप बस." तर म्हणते, "देवाचा नवस का चोरून फेडतात, अक्का?" पंगत कशाची, असं जो विचारेल त्याला तिनं हौसेनं सगळं सांगितलं, शाळेच्या नावासकट. ते पंचायतीला उभं राहायच्या तयारीत असलेल्या प्रेमराजच्या कानावर गेलं. पंगतीच्या दिवशी बसथांब्यावर हा मोठा फ्लेक्स! वर प्रेमराज हात जोडून, खाली तोताराम, आणि मजकूर असा: दर गुरुवारी अमुक शाळेत जाऊन व्यसनाला लाथ मारणारे आमचे तोतारामभाऊ. शाल दिली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. तोताराम पानावरची बट्टी चुरत बसला. घास तोंडात गेला नाही त्याच्या.

पुढच्या गुरुवारी गावचे चार टवाळ मोटारसायकली घेऊन त्या शाळेच्या फाटकावर उभे. "पाहू दे ना, आजून कोन कोन बेवडे हायेत!" मोबाईल वर करून फोटो काढत होते. नासके मेले. येणारे लोक फाटकावरूनच परत फिरले. पुढच्या गुरुवारीही तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी तोताराम गेला तर खोलीला कुलूप. मीटिंग दुसरीकडे हलवली होती, आणि त्याला कोणी कळवलं नव्हतं.

घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडला. मला म्हणाला, "ती खोली गेली तं मी गेलोच समज, अक्का." मला तो असाच जाऊ द्यायचा नव्हता. गाद्यांच्या दुकानांतून विचारत विचारत मी जहांगीरभाईंचा कारखाना हुडकला आणि गुरुवारी त्याला हाताला धरून नेलं. मीटिंग आता तिथंच भरत होती; आत कापसाच्या ढिगाशेजारी माणसं बसली होती. जहांगीरभाई बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

"भाऊ, तू येऊ नकोस."

मी उसळले. "का? प्यायलाय का तो? तुमची तोंडं झाकायला माझ्या भावाला मारता?"

"अक्का, त्याचा चेहरा आता सगळ्यांना माहीत झालाय. तो जाईल तिथं माणसं मागे येतात. आत एक जण आहे, किती दिवस नुसता रस्त्यावरून पाहून जात होता. आज पहिल्यांदा आत बसलाय. याला पाहिलं तर उठून जाईल." सांगताना म्हाताऱ्याचे डोळे भरले. भरले तर भरले, मला काय त्याचं! मी तिथंच शिव्या घातल्या.

तोताराम मात्र शांत. "भाईचं बरोबर आहे," म्हणाला. "तू बस इथं, मी पाणी पिऊन येतो."

मी पायरीवर बसले. तो आला तेव्हा वास आधी आला. डोळे लाल, सदऱ्यावर सांडलेलं. वर्षभराची सगळी कमाई कोपऱ्यावरच्या दुकानात ओतून आला होता. मला ओलांडून त्यानं दार वाजवलं.

"भाई, पिलेल्याले तं तुम्ही परत पाठवत नाही ना? घ्या आता आत."

जहांगीरभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग त्याच्या काखेत हात घालून त्याला आत नेलं.

लगेच एक माणूस तोंडाला रुमाल गुंडाळत बाहेर पडला. आज पहिल्यांदा आलेला तोच असणार; घाईत चप्पल पायात जाईना. मान खाली घालून माझ्या अंगावरूनच गेला. थांबा हो भाऊ, एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण म्हटलं नाही. गेला तर जाऊ दे. माझा भाऊ आत होता.